गोल्डन रिट्रीव्हरची केसगळती आणि घरातले ब्रश: नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या इंदिरानगर भागात चौथ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाचे आणि त्यांच्या चार वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून कुत्र्याला येथे ब्रुनो म्हटले आहे. पाळीव प्राण्यांच्या निगेविषयी घरोघरी सल्ला देण्याच्या कामातून हे प्रकरण माझ्यासमोर आले. निदान आणि औषधोपचार पशुवैद्यकांनी केले. साधनांची निवड, ती वापरण्याची पद्धत आणि घरातील कामाची वाटणी एवढाच भाग माझ्याकडे होता.

घरात आजोबा, आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात अशी पाच माणसे आहेत. ब्रुनोला सकाळी फिरवून आणणे आणि त्याचे केस विंचरणे ही कामे प्रामुख्याने आजोबांकडे होती. सुट्टीच्या दिवशी मुलगा त्याला पाथर्डी फाट्यापुढच्या मोकळ्या रानात पळायला नेत असे. कुत्रा निरोगी होता, लसीकरण वेळेवर झालेले होते आणि आहारात अलीकडे काही बदल केलेला नव्हता.

गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि पाणी निथळून जाईल असे असतात, तर त्यांच्याखाली दाट, मऊ लव असते. ही जात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये, गारठ्यात आणि पाण्यात शिकारीचे पक्षी उचलून आणण्यासाठी तयार केली गेली. केस झडण्याच्या चक्रावर तापमानाबरोबरच दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. स्कॉटलंडच्या उत्तर भागात हिवाळ्यातला दिवस साडेसहा तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यातला अठरा तासांच्या आसपास असतो, तर नाशिकच्या अक्षांशावर दोन्ही ऋतूंतला फरक जेमतेम अडीच तासांचा आहे. त्यात फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. अशा कुत्र्याचे केस वर्षभर थोडेथोडे गळत राहतात आणि थंडी संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आतली लव झुपक्यांनी निघू लागते. ब्रुनोच्या घरच्यांना ही गळती आजार वाटत होती. ती आजार नव्हती. पुढे जे झाले तो मात्र इजेचा प्रकार होता.

समस्या

फेब्रुवारीच्या अखेरीस सोफा, चादरी आणि आजींच्या पूजेच्या आसनापर्यंत केस पोहोचले, तेव्हा मुलाने एक डिशेडिंग टूल आणले. हे दिसायला ब्रशसारखे असले तरी त्याला तारा किंवा दात नसून बारीक दाते पाडलेली पोलादी पट्टी असते. ती केसांच्या थरातून ओढली की सुटलेली लव पट्टीत अडकून बाहेर येते. पहिल्याच दिवशी अर्धी बादली भरेल इतके केस निघाले आणि घरात समाधान पसरले. त्यानंतर आजोबा रोज सकाळी, सून एखाद्या संध्याकाळी आणि मुलगा रविवारी, असे तिघेही ते वापरू लागले. कोणी किती वेळ वापरले याचा मेळ कोणीच ठेवत नव्हते. केस निघत आहेत तोवर काम चालू ठेवायचे, असा सगळ्यांचा अलिखित नियम होता.

याच नियमात गफलत होती. अशी पट्टी फक्त सुटलेली लव काढून थांबत नाही. एकाच जागी वारंवार ओढल्यास ती वरचे धडधाकट केसही मध्येच तोडते, आणि तुटलेले केस पट्टीवर येत राहिल्याने काम अजून शिल्लक आहे असा भास होतो. म्हणजे ज्या ढिगाकडे पाहून हे कुटुंब साधनाचे यश मोजत होते, तो ढीग काही दिवसांनंतर नुकसानीचाच पुरावा झाला होता.

मार्चच्या शेवटी ब्रुनोच्या डाव्या कमरेच्या हाडावर आणि डाव्या कोपराच्या मागे लालसर, खरखरीत चट्टे दिसले. तो ती जागा चाटू लागला. आजींनी हळद आणि खोबरेल तेल लावले. हेतू चांगला असला तरी तेलाने केस चिकटले, चव लागल्याने चाटणे वाढले आणि हळदीच्या पिवळेपणाखाली लाली किती पसरते आहे हेच कळेनासे झाले. पुढच्या काही दिवसांत टूल दिसताच ब्रुनो पलंगाखाली जाऊन बसू लागला, आणि एकदा आजोबांनी त्याला ओढून बाहेर काढले तेव्हा गुरगुरला. त्याबद्दल त्याला रागावण्यात आले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सून त्याला एका ग्रूमिंग केंद्रात घेऊन गेली. तिथे तिला सांगण्यात आले, "मॅडम, उन्हाळा सुरू झालाय. याचा झिरो कट करून टाका. केस गळायचा प्रश्नच मिटेल आणि त्यालाही गार वाटेल." तिने निर्णय लांबणीवर टाकला आणि आधी पशुवैद्यकांना दाखवायचे ठरवले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

तपासणी आणि निदान

गोल्डन जातीत थायरॉइडची कमतरता आढळते आणि तिच्यातही केस जातात. पिसवा, खरजेचे किडे, बुरशी आणि ॲलर्जी हीदेखील केस जाण्याची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे केवळ टूलकडे बोट दाखवून थांबणे बरोबर ठरले नसते. पशुवैद्यकांनी त्वचा खरवडून तपासली, तीत किडे सापडले नाहीत. चिकटपट्टीने घेतलेल्या नमुन्यात जिवाणू आणि पांढऱ्या पेशी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या केसांची टोके निमुळती नव्हती, ती चिरफाळलेली आणि तुटलेली होती. आपोआप गळलेल्या केसाचे टोक तसे नसते.

निर्णायक ठरली ती चट्ट्यांची जागा. थायरॉइडच्या विकारात केस साधारणपणे दोन्ही बाजूंनी सारखे जातात आणि खाज नसते. ब्रुनोचे चट्टे जवळजवळ सगळे डाव्या बाजूला होते. घरी गेल्यावर मी प्रत्येकाला ते नेहमी कसे विंचरतात हे साधन उलट धरून, म्हणजे पट्टी अंगाला न लावता, दाखवायला सांगितले. आजोबा बाल्कनीतल्या खुर्चीवर बसत, ब्रुनो त्यांच्यासमोर नेहमी एकाच दिशेने आडवा उभा राहत असे आणि त्यामुळे त्याची डावी बाजू कायम त्यांच्या हाताखाली येत असे. गुडघ्याच्या त्रासामुळे त्यांना उठून पलीकडे जाणे जमत नसे. हात लांब करून ओढताना सर्वाधिक दाब नेमका कमरेच्या हाडावर येत होता, जिथे त्वचेखाली मांसाची गादी जवळपास नसतेच.

घर्षणाने झालेली त्वचेची इजा आणि तिच्यावर वरवरचा जिवाणूसंसर्ग, असे निदान झाले. थायरॉइडची चाचणी तूर्त न करता, केस परत येतात की नाही हे पाहून मग ठरवायचे असे पशुवैद्यकांनी सांगितले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळे केस उतरवण्याचा होता आणि मुलाचा कल त्याकडेच होता. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अंगावरचे केस कुत्र्याला ओझे होत असतील हा विचार स्वाभाविक आहे. परंतु कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. मोकळी, गुंता नसलेली दुहेरी आवरणे बाहेरची उष्णता त्वचेपर्यंत येऊ देत नाहीत आणि उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात. शिवाय केस उतरवल्याने गळती थांबत नाही. पूर्वी लांब केस गळत होते, आता आखूड गळतात, आणि ते कापडात टोचून बसत असल्याने झाडायला अधिक अवघड जातात. हस्की किंवा पोमेरेनियनसारख्या जातींत पूर्ण उतरवलेले केस कधी कधी महिनोन्महिने येत नाहीत. गोल्डनमध्ये हा धोका कमी असला, तरी आतली लव आधी वाढून वरचे केस मागे राहण्याची शक्यता असते. त्यातच इथे त्वचेला आधीच संसर्ग होता. वैद्यकीय कारण किंवा न सुटणाऱ्या जटा असत्या तर केस उतरवणे योग्य ठरले असते. केवळ गळतीसाठी ते योग्य नव्हते.

दुसरा पर्याय तेच टूल कमी वेळा वापरण्याचा होता. टूल मुळातच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. सपाट, भरदार भागावर, कोरड्या आणि गुंता नसलेल्या केसांत, हलक्या हाताने मोजके फेरे घेतले तर ते आपले काम करते. पण ज्या घरात तीन हात ते वापरतात आणि ते कधी थांबवायचे हे कोणाला ठाऊक नाही, तिथे चूक पचवू शकणारे साधन अधिक बरे.

तिसरा पर्याय, दर महिन्याला व्यावसायिक केंद्रात जोरदार हवेच्या ड्रायरने सुटलेली लव उडवून घेणे. हा ड्रायर उष्णतेवर नव्हे, तर हवेच्या वेगावर काम करतो आणि या प्रकारच्या केसांसाठी तो खरोखर परिणामकारक असतो. मात्र त्याचा आवाज मोठा असतो आणि नळी चेहऱ्याकडे किंवा कानाकडे रोखायची नसते. आधीच धास्तावलेल्या ब्रुनोला लगेच तिथे नेणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून हा पर्याय बाद न करता पुढे ढकलला.

चौथा पर्याय घरीच, पण शरीराच्या भागानुसार वेगळी साधने वापरण्याचा होता. तो स्वीकारला गेला.

प्रत्यक्ष कृती

पहिले तीन आठवडे चट्ट्यांवर कोणतेही साधन फिरवायचे नाही, असे ठरले. तेल-हळद बंद करून पशुवैद्यकांनी दिलेल्या, क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक असलेल्या शाम्पूने त्या भागाची स्वच्छता सुरू झाली. फेस त्वचेवर सुमारे दहा मिनिटे राहू द्यायचा असतो आणि इथेच बहुतेक घरे घाई करतात. आजींनी हे काम घड्याळ लावून केले. माणसांचा शाम्पू पूर्ण बंद झाला, कारण कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते.

साधने निवडताना दुकानात काय उपलब्ध आहे हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ब्रुनोच्या अंगावर बोटे फिरवून केसांची खोली पाहिली. मानेवर आणि मांड्यांच्या मागे लव सर्वांत दाट होती. तिथे गोलसर टोकांच्या, जागच्या जागी फिरणाऱ्या दातांचा रेक, म्हणजे दाताळ्यासारखी फणी, निवडला. दात इतके लांब हवेत की ते लवेच्या तळापर्यंत पोहोचतील, पण त्वचेत रुतणार नाहीत. पाठ, कुशी आणि छाती यांसाठी मऊ, वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश घेतला. पोट, काखा, कोपरे आणि कमरेचे हाड यांसाठी फक्त रबरी ब्रश, तोही आंघोळीच्या वेळी फेसातून. आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली साधी स्टीलची फणी. लव काढणे हे तिचे काम नव्हे, तिने परीक्षा घ्यायची. मुळापासून टोकापर्यंत फणी न अडता गेली की त्या जागेचे काम संपले. मग ब्रशवर केस येत असोत वा नसोत.

स्लिकरच्या तारा दुकानातच प्रत्येकाने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, केसांत वापरायच्या तेवढ्याच जोराने, फिरवून पाहिल्या. ज्या ब्रशने ओरखडा उठला तो परत ठेवला. किमतीपेक्षा ही चाचणी अधिक खरी आहे. महागड्या ब्रशांतही कडक तारा असतात.

पद्धतही बदलली. ब्रश वरवर फिरवत गेल्यास वरचा थर चमकतो आणि आत गुंता तसाच राहतो. म्हणून एका हाताने केस वर दाबून धरायचे, त्वचेची रेघ दिसू द्यायची, तिच्या खालच्या केसांचा एक पातळ थर विंचरायचा आणि मग रेघ थोडी वर सरकवायची, हे सर्वांना शिकवले. ब्रश सपाट धरायचा, टेकवून हलकेच ओढायचा, एका जागी तीन-चार फेऱ्यांपेक्षा अधिक नाही. एका दिवशी शरीराचा एकच भाग. आजोबांना वाकावे लागू नये म्हणून ब्रुनोला न घसरणाऱ्या चटईवर झोपवून, ते बुटक्या स्टुलावर बसतील अशी मांडणी केली आणि कुस बदलण्याचे काम नातीकडे दिले. आज कोणती बाजू झाली हे ती फ्रिजवरच्या कागदावर लिहीत असे. विंचरण्याआधी अंगावरून हात फिरवून गोचीड, गाठ किंवा जखम शोधायची हा नियमही त्याच कागदावर होता, कारण ब्रशखाली गोचीड तुटली तर तिचे तोंड त्वचेतच राहू शकते.

गुरगुरण्याबद्दल आजोबांशी वेगळे बोलावे लागले. "मालकावर गुरगुरतो म्हणजे काय? आज गुरगुरला, उद्या चावेल," असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना म्हणालो, "आजोबा, तो गुरगुरून सांगतोय की दुखतंय. सांगण्याबद्दल रागावलो तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल." ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे या त्याआधीच्या खुणा त्यांना दाखवल्या. नवा ब्रश सुरुवातीचे काही दिवस नुसता जमिनीवर ठेवला. मग तो अंगाला टेकवायचा आणि लगेच ताटलीत पसरलेले दही चाटायला द्यायचे, असा क्रम चालला. आधी ब्रुनो दह्यासाठी आला, मग ब्रशला सरावला.

पावसाळ्यातील दुसरा प्रसंग

मे अखेरीस चट्टे भरले होते. जुलैत सलग पावसाच्या दिवसांत मात्र उजव्या कानामागे सुपारीएवढी जट झाली. कानामागचे केस फार बारीक असतात, कानाच्या पाळीखाली ओल टिकते आणि टॉवेलने पुसताना ती जागा हमखास सुटते. सून कात्री घेऊन बसली होती, पण कापण्याआधी तिने फोन केला.

कात्रीचा धोका असा की जट आवळली जाते तशी त्वचा तिच्यात वर ओढली जाते, आणि केस कापल्याच्या समजुतीत कातडी कापली जाते. कानामागची त्वचा पातळ असल्याने तिथे अशा जखमा विशेष होतात. ठरले ते असे: फणी जट आणि त्वचा यांच्यामध्ये सरकते का ते पाहायचे. सरकली तर कॉर्नफ्लोअर टाकून, बोटांनी जटेचे भाग करून, टोकाकडून मुळाकडे सोडवत यायचे. नाही सरकली तर घरी काहीही करायचे नाही. जट निघेपर्यंत आंघोळही नाही, कारण पाण्याने ती अधिक आवळते.

फणी सरकली नाही. केस बाजूला करताच खाली ओलसर, लालभडक, वास येणारी जागा दिसली. ओलीमुळे आणि खाजवण्यामुळे काही तासांत पसरू शकणारा हा त्वचादाह हॉट स्पॉट म्हणून ओळखला जातो आणि दाट केसांच्या कुत्र्यांत दमट हवेत तो वारंवार दिसतो. दवाखान्यात त्या जागेभोवतीचे केस क्लिपरने काढले गेले. क्लिपर चालू असताना डॉक्टर पाते स्वतःच्या मनगटाला लावून पाहत होते, कारण ते सतत चालल्याने तापते आणि कुत्र्याला चटका बसू शकतो. पुढे औषधे आणि काही दिवस गळ्यात कोन, म्हणजे जखमेला खाजवता येऊ नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर. जखम लवकर सुकली.

म्हणजे एप्रिलमध्ये सगळे केस उतरवायला नकार देणाऱ्या याच कुटुंबाने जुलैत एका जागेचे केस उतरवायला होकार दिला. मला यात विसंगती वाटत नाही.

परिणाम

केसगळती थांबली नाही. ती थांबणारच नव्हती, आणि हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितल्यामुळे पुढे निराशा झाली नाही. सोफ्यावर अजूनही केस असतात, परंतु झुपके उडत फिरणे बंद झाले आहे. ब्रुनो चटई अंथरली की स्वतः येऊन आडवा होतो. ऑक्टोबरमध्ये रानातले कुसळी गवत वाळले तेव्हा मांड्यांच्या झालरीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात अडकलेली कुसळे फणीमुळे त्याच दिवशी सापडली. ती त्वचेत शिरली असती तर गळू होण्याची भीती होती. दिवाळीनंतर तो पहिल्यांदा व्यावसायिक ड्रायरसाठी गेला. जाण्यापूर्वी सुनेने केंद्राला तीन प्रश्न विचारले: कुत्र्याला गरम हवेच्या पिंजऱ्यात एकटे ठेवता का, टेबलावर गळ्यात फास अडकवून कोणी बाजूला जाते का, आणि दोन कुत्र्यांच्या मध्ये ब्रश कसे साफ करता. शेवटचा प्रश्न बुरशीच्या संसर्गासाठी होता, तो ब्रशमधल्या केसांवाटे सहज पसरतो.

डाव्या कमरेवरचे केस आले आहेत, पण त्यांचा पोत अजून बाकी अंगासारखा नाही; तिथे लव जास्त आणि वरचे केस कमी आहेत.

काय वेगळे करता आले असते

टूल विकत घेताना ते किती केस काढते याऐवजी ते कुठे वापरायचे नाही हे विचारले असते, तर पहिली इजा बहुधा टळली असती. खोक्यावरच्या सूचनांत हाडांच्या उंचवट्यांबद्दल इशारा होता, पण खोके पहिल्याच दिवशी रद्दीत गेले होते.

लाली दिसल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंत सुमारे दहा दिवस गेले. त्या काळात टूल बंद झाले नव्हते, फक्त चट्ट्यांच्या कडेने फिरवले जात होते. लाली, खरखर किंवा कुत्र्याचे टाळणे यांपैकी एक खूण दिसताच साधन पूर्ण थांबवायचे, हा निकष आता फ्रिजवरच्या कागदावर सर्वांत वर लिहिलेला आहे.

आमच्या योजनेतही एक उणीव राहिली. एप्रिलमध्ये आखलेले वेळापत्रक उन्हाळ्याचे होते, त्यात पावसाळ्याची वेगळी नोंद नव्हती. कानामागची जागा, काखा आणि शेपटीखालचा भाग रोज बोटांनी तपासणे आणि फिरून आल्यावर पंख्याखाली मुळापर्यंत वाळवणे या दोन गोष्टी जूनपासूनच लागू व्हायला हव्या होत्या. पुढच्या वर्षीच्या कागदावर त्या मृग नक्षत्राच्या आधीच्या आठवड्यापासून लिहिल्या आहेत.

डिशेडिंग टूल फेकून दिलेले नाही. येत्या मार्चमध्ये ते आठवड्यातून एकदा, केवळ पाठीच्या आणि कुशींच्या भरदार भागावर, एकट्या मुलाने वापरायचे आणि त्यानंतर दोन दिवस त्वचेवर नजर ठेवायची असे ठरले आहे. तोपर्यंत डाव्या कमरेवरचा पोत सुधारला नाही, किंवा उजव्या बाजूलाही केस विरळ होऊ लागले, तर थायरॉइडची चाचणी करून घ्यायची, अशी नोंद पशुवैद्यकांनी ब्रुनोच्या कार्डावर केली आहे.